उजव्या टोकाची बोटं

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सुट्टी. सकाळपासून नळाला पाणी नाही. शोभा खाली उभी राहून टँकरवाल्याशी भांडली, मी वर टीव्हीपुढे. बायको भांडत असताना नवऱ्याने टीव्ही बघत बसू नये हे कळतं. पण पियानोवाल्याची नवी मैफल सापडली होती. नवी म्हणजे जुनीच, काळीपांढरी.

त्याचं नाव लेकीने, प्रज्ञाने, तीनदा सांगितलं. मला ऐकू आलं तसं म्हटलं की पोरगी हसते. म्हणून पियानोवालाच. ह्या संगीताला जॅझ म्हणतात. एकदा बातम्या संपल्यावर हा माणूस आपोआप लागला आणि मी रिमोट हातात धरून बसून राहिलो. तेव्हापासून दर सुट्टीला हाच. जाडा गडी. बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या. घाम हनुवटीवरून पट्ट्यांवर पडतो तरी पुसत नाही. एक जण माणसाएवढं उभं वाद्य मिठीत धरून तारा ओढतो, मागे ड्रमवाला. तिघांत एक शब्द नाही. भुवई, हनुवटी, खांदा, बास. आमच्या हॅमरशॉपमध्ये चालतं तसंच.

ह्याची एक खोड मला फार आवडते. वाजवता वाजवता उजवा हात पट्ट्यांच्या पार टोकाला नेतो, तिथे बोटं नुसती पळवतो आणि वाजवत नाही. आवाजच काढत नाही. ऐकणाऱ्याने आपलं आपण मनात भरून घ्यायचं. याला म्हणतात कलावंत. आपल्याकडचा असता तर तिथेच जास्त बडवलं असतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

फर्स्ट शिफ्ट. सेफ्टीच्या नव्या मॅडम हॅमरवर आल्या. आमचा हॅमर म्हणजे छताएवढा हातोडा, खाली लालभडक लोखंड. ते लोखंड दत्तू दोन्ही हातांनी सांडशीत धरतो, मी पेडल दाबून घाव घालतो. बारा वर्षं हीच जोडी. मॅडमनी विचारलं, एवढ्या आवाजात एकमेकांशी बोलता कसे? मी हाताने दाखवलं. मूठ म्हणजे थांब. एक बोट म्हणजे एकच घाव. पंजा हलवला की हलका घाव. हनुवटी वर, म्हणजे चालू दे.

"आणि दोन्ही हात सांडशीत असताना?"

"मंग वरडायचं की मॅडम," दत्तू म्हणाला.

कानात बोळे घालता का? दत्तूने खिशातून काढून दाखवले. पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. मॅडमना हसावं की रागवावं कळेना. जाताना म्हणाल्या, मेडिकलची गाडी डिसेंबरात येणार, या वर्षी कानाची तपासणी नीट होणार आहे. दरवर्षी नीटच होते, बाई. आम्ही सगळे दरवर्षी नीटच पास होतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दत्तू जेवायला आला. महाळुंग्याचा जुना गाववाला, कंपनी उभी आहे त्यातली थोडी जमीन त्याच्या बापाची. जमीन गेली म्हणून नोकरी मिळाली. कधी राग आला की म्हणतो, मपल्या बांधावर उभा राहून मपल्यालाच हजेरीचा पंच मारायला लावत्यात.

जेवण झाल्यावर त्याला पियानोवाला दाखवला. मला वाटलं झोपेल. पण गडी पुढे सरकून बसला.

"ह्याचा डावा हात म्हंजी तुमी, गौतमराव. पेडल. आन उजवा म्हंजी मी, सांडशी."

मी त्याला ती बिनआवाजाची बोटं दाखवली. नीट बघितलं त्याने. "व्हय की! तिथं वाजवतच न्हाई. काय माणूस हाय राव." आणि स्वतःची बोटं मांडीवर टोकाला नेऊन पळवून बघितली.

फार बरं वाटलं. आवडीची गोष्ट दुसऱ्याला दाखवावी आणि त्याला नेमकं तेच दिसावं, असं किती वेळा होतं. शोभा मागे उभी होती. तोंड हललं तिचं, काय म्हणाली कळलं नाही. हल्ली हिचा आवाज फार बसलाय. दाखवायला पाहिजे कुणाला तरी.

रविवार, १६ नोव्हेंबर

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

ड्यूटीवरून आलो तर प्रज्ञा घरी. बैस म्हटलं, तुला गंमत दाखवतो. काळीपांढरी मैफल लावली. ती जागा आली तसा मी म्हणालो, आता बघ, आता हा वाजवणार नाही.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "कुठे?"

"हे काय, आत्ता. टोकाला."

तिने मागे नेऊन परत लावलं. परत तेच. मी तिच्याकडे बघून हसतोय, आणि ती टीव्हीकडे बघायची सोडून माझ्याकडे बघायला लागली.

"बाबा, तिथे तर तो सगळ्यात जोरात वाजवतोय."

मी म्हटलं चेष्टा करू नको. तिने आवाज वाढवला. आणखी वाढवला. शोभा स्वयंपाकघरातून कानावर हात ठेवून बाहेर आली, "काय लावलंय हे, कान फुटायलेत!" एवढं तिचं मी तोंडावरून वाचलं. डाव्या हाताचे ठोके छातीत बसत होते. उजवा हात टोकाला पळत होता आणि तिथे काही नव्हतं.

प्रज्ञाने टीव्ही बंद केला. रडली नाही, पण नाक पुसत होती. मी चप्पल घालून खाली गेलो आणि पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या स्कूटरवर बसून राहिलो.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दिवसभर डोक्यात एकच. काय काय गेलं आणि मला कळलंही नाही. कुकरच्या शिट्टीचा बारीक सूर. मोबाइलचा अलार्म. घराची बेल. पाच वर्षं मी सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला शिव्या देतोय की बेल नीट लावत नाही. शोभाचा आवाज बसलेला नाही. तिचा आवाज तिथेच आहे. सकाळी विचारलं तर म्हणाली, "किती दिवस झालं म्हणायलेय मी, तुम्हाला ऐकू येईना. तुम्ही म्हणता तू पुटपुटतेस."

खरं आहे. म्हणतो मी तसं.

आणि हे बसमध्ये सुचलं: दत्तूलाही ती बोटं वाजताना ऐकू आली नव्हती.

गुरुवार, २० नोव्हेंबर

प्रज्ञा पिंपळे सौदागरला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. वेटिंगमध्ये एसी, मासिकं, सगळे हळू बोलणारे. माझ्यासाठी तर मुकेच.

आत तपासायची केबिन. मी सवयीने काचेकडे तोंड करून बसलो. डॉक्टरीणबाईंनी स्टूल फिरवून मला भिंतीकडे केलं. आता त्यांचे हात दिसेनात.

कंपनीतली युक्ती अशी. गाडीतल्या केबिनला काच असते. कानाला हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. बाहेरचा तपासणारा पोरगा मशिनचं बटण दाबतो तेव्हा त्याचं बोट दिसतं. त्याने दाबलं की आपण दाबायचं. लगेच नाही, जरा थांबून, म्हणजे खरं वाटतं. हे हॅमरवर पहिल्या वर्षी जुने लोक शिकवतात, सांडशी धरायला शिकवायच्या आधी. नापास झालं की हॅमरवरून काढतात. भत्ता जातो, ओव्हरटाइम जातो, पॅकिंगला पुठ्ठे चिकटवत बसावं लागतं. म्हणून सगळे पास. आवाजाच्या जागी आम्ही हात बघतो. हात बघण्यात आमचा हात कोण धरणार.

भिंतीला बोट नव्हतं. बराच वेळ नुसता बसून होतो. कानात रातकिडे, ते तर नेहमीचेच. आवाज कुठला आणि रातकिडा कुठला, कळेना. अंदाजाने एकदोनदा दाबलं.

बाई प्रज्ञाशी बोलल्या, मग कागदावर मोठ्या अक्षरात लिहून माझ्याकडे सरकवलं. दोन्ही कानांतले वरचे, म्हणजे बारीक आवाज गेले. परत येणार नाहीत. खालचे आहेत ते टिकवा. हॅमरवरून उतरा.

कंपनीचे रिपोर्ट प्रज्ञाने मोबाइलवर दाखवले. दरवर्षी नॉर्मल. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

बसमध्ये दत्तूला सांगितलं, अगदी कानाजवळ तोंड नेऊन. आधी हसला.

"म्हंजी मी बी?"

"तूही."

"आन त्यो वाजवत व्हता?"

"जोरात."

मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "मंग आपल्यापुरता त्यो तसंच वाजवतो म्हनायचं." आणि हसला. मीही हसलो. हसण्यासारखं काय होतं देव जाणे. म्हटलं, या वेळी खरं सांगू या दोघंही. त्याने ऐकलं नसल्यासारखं केलं. आता हेही कळायचं बंद झालंय, कोणाला ऐकू आलं नाही आणि कोण ऐकत नाहीये.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आजचं आजच लिहितो.

दुपारच्या आधी. मोठा जॉब, जड लोखंड. दत्तूचे दोन्ही हात सांडशीत. मी त्याच्या हनुवटीकडे बघितलं, वर होती. पेडल दाबलं. हनुवटी वर होती कारण तो ओरडत होता.

लोखंड साच्यात नीट बसलं नव्हतं. घाव तिरका पडला, सांडशीचे दांडे उसळून त्याच्या बरगड्यांवर. मागे फेकला गेला. मी तिथे पोचेपर्यंत उठून बसला होता, तोंड उघडं, श्वास आत जात नव्हता. लालभडक तुकडा त्याच्या बुटापासून हातभर लांब पडला होता.

सुपरवायझर धावत आला. दत्तूला बोलता यायला लागल्यावर पहिलं वाक्य: "सांडशी सरकली साहेब. मपलीच चूक."

दवाखान्यात नेलं. फ्रॅक्चर नाही, पट्टा बांधलाय. रिक्षात बसवताना माझा हात धरून म्हणाला ते मी ऐकलं, खालच्या आवाजात बोलतो म्हणून नीट ऐकलं.

"म्या वरडलो व्हतो, गौतमराव."

सोमवार, १ डिसेंबर

दत्तूकडे जाऊन आलो. खाटेवर उशीला टेकून बसलेला. वहिनींनी चहा दिला आणि आत गेल्या. माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. कशाला बोलतील.

मी म्हटलं, मी सांगणार. मेडिकलला खरं सांगणार, मला ऐकू येत नाही. तुझा हात गेला असता तर.

"न्हाई गेला ना."

"पुढच्या वेळी जाईल."

"आन तुमी सांगितलं तर उद्या दुसरा येईल पेडलवर. त्याला मपल्या खुना कळायच्या? बारा वर्सं लागली तुमाला मपली हनुवटी वाचाया." थांबला. बोलताना दुखत होतं त्याला. "आन तरी चुकलाच की."

मी कप खाली ठेवला.

निघताना म्हणाला, "मपली दोन वर्सं राहिली रिटायर व्हायला. तेवढी काढून द्या राव."

घरी येऊन शोभाला सांगितलं. ती म्हणाली, प्रज्ञाला काय वाटतं ते करा. प्रज्ञा म्हणाली, तुम्हाला काय वाटतं ते करा. घरात सगळे शहाणे.

शनिवार, ६ डिसेंबर

दादरला यंदा गेलो नाही. संध्याकाळी विहारात वंदना. ओठ हलवले सगळ्यांबरोबर. पुरुषांचा आवाज ऐकू येत होता, जाड. बायकांचा भाग आला की शांतता, ओठ हलताहेत, पांढऱ्या साड्या दिसताहेत. शोभाकडे बघितलं, तिचे डोळे मिटलेले. लहानपणी आई म्हणायची तो स्वर डोक्यात आठवून लावून बघितला, जागा भरेना.

भीती वाटते. खालचे आवाजही गेले तर? मग पियानोवाल्याची दोन्ही टोकं मुकी. मग मी काय बघणार त्याच्यात.

मंगळवार, ९ डिसेंबर

दत्तू कामावर, पट्टा शर्टाच्या आत. एकही जॉब मी हात दिसल्याशिवाय मारला नाही. प्रॉडक्शन कमी. सुपरवायझरने घड्याळ दाखवलं. मी मूठ दाखवली. त्याला वाटलं, धमकी देतो.

मेडिकलची गाडी उद्या.

बुधवार, १० डिसेंबर

गाडी स्टोअरच्या मागे लावली होती. माझा नंबर, माझ्यामागे दत्तू.

आत शिरलो तर युक्तीच मोडलेली. मॅडमनी केबिनच्या काचेला खालून अर्ध्यापर्यंत कागद चिकटवलाय. तपासणाऱ्या पोराचं फक्त डोकं दिसतं, हात नाही. रांगेतले सगळे सकाळपासून घाबरलेले का, ते आता कळलं.

हेडफोन घातला, बटण हातात. समोर बघितलं तर पोराच्या डोक्यामागे, गाडीच्या दाराशी, पायरीवर दत्तू उभा. त्याला तिथून पोराचा हात दिसत होता. छातीपाशी त्याने एक बोट वर केलं. खाली. पुन्हा वर. आमची खूण. एक घाव.

मी बटण दाबलं. एकदा. सवयीने हाताने दाबलं, माझ्याआधी.

मग बरगड्यांवर आपटलेले ते दांडे आठवले, आणि त्याची ती वर गेलेली हनुवटी. मी डोळे मिटले.

मिटल्यावर रातकिडे. बाकी काही नाही. अंगठा बटणावर ठेवून बसलो. मध्ये कुठेतरी जाड, खालचा आवाज आला, तेव्हा दाबलं. तो खरा होता. डोळे उघडायची इतकी इच्छा कधी झाली नव्हती. उघडले नाहीत.

पोराने काचेवर टकटक केली असावी, मला खांद्याला धरून उठवलं. कागदावर बघून म्हणाला, "काका, बरं वाटत नाही का?"

बाहेर आलो. दत्तू आत गेला. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. मी उतरून पायरीवर उभा राहिलो, तो होता तिथेच. तिथून पोराचा हात दिसतो. केबिनमध्ये बसून दत्तूने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. खूण नाही. नुसतं बघितलं.

पोराने बटण दाबलं. माझं बोट वर गेलं.

शेवटपर्यंत गेलं. प्रत्येक वेळी.

गुरुवार, ११ डिसेंबर

मी स्वतःचे डोळे मिटले आणि त्याचे उघडे ठेवले. काल बसमध्ये तो शेजारी बसला, उतरताना म्हणाला, "तुमी डोळं का मिटलं?" मी म्हटलं, "तूही मिटायला हवे होतेस." म्हणाला, "मंग बोट कशाला वर केलं?"

त्याने माझी चूक अंगावर घेतली म्हणून? दोन वर्षं मागितली म्हणून? का नुसती सवय? मला माझाच राग येतोय, आणि त्याचाही येतोय, आणि त्या कागद चिकटवणाऱ्या मॅडमचाही, ज्या बिचारीने बरोबरच केलं.

संध्याकाळी मैफल लावली, डोळे मिटून. पहिल्यांदाच अशी. डावा हात, ठोके, ड्रम, ते उभं वाद्य. छान चाललं होतं. मग थांबलं. संपलं वाटून डोळे उघडले. उजवा हात टोकाला पळत होता.

शुक्रवार, १९ डिसेंबर

पत्र मिळालं. हॅमरवरून काढून पॅकिंगला. दत्तू नॉर्मल.

पुठ्ठ्याच्या खोक्यांना चिकटपट्टी लावायची. शेजारी सगळ्या बायका, हसून बोलतात, मी मान हलवतो. भत्ता बंद. शोभाने एवढंच विचारलं की कानाचं मशिन घ्यायचं ना मग. प्रज्ञा म्हणाली, घ्यायचंच.

सोमवार, २२ डिसेंबर

पेडलवर नवा माणूस. बीडचा आहे, चाकणला दुसऱ्या कंपनीत प्रेसवर होता. चांगला आहे. कानात बोळे घालतो, नियमाने. खुणा येत नाहीत. दत्तूच्या हाताकडे बघत नाही, काही झालं की तोंडाने ओरडतो. ओरडायचीच सवय आहे त्याला.

जेवणाच्या सुट्टीत त्याला गाठलं. म्हटलं, साच्याची पाचर सुटली, काही उडालं, तर तू ओरडशील ना दत्तूला?

"हां मग. ओरडणारच की काका."

"ओरडू नको. आधी हात दाखव. त्याच्या डोळ्यांपुढे."

"का बरं?"

इथे सांगायचं होतं. त्याला ऐकू येत नाही. चार शब्द. दत्तू पलीकडच्या टेबलावर डबा उघडून बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "आवाज फार असतो ना, म्हणून." नवा माणूस हसला आणि भाकरी मोडायला लागला.

शुक्रवार, २६ डिसेंबर

पॅकिंगमध्ये हॅमर ऐकू येतो. जमिनीतून येतो, तळपायातून. खालचा आवाज आहे, माझ्या वाटणीचा. खोकी चिकटवताना सगळा वेळ तो मोजत असतो, नकळत. ठोका थांबला की हात थांबतो. सुरू झाला की सुरू. शेजारची बाई म्हणाली, काका, तुम्ही मध्येच पुतळ्यासारखे का होता?

दत्तूला निरोप पाठवला, गुरुवारी जेवायला ये, पियानोवाल्याची रंगीत मैफल सापडलीय, म्हातारा झालाय त्यात. बघू म्हणाला.

मॅडमना सांगणार. सोमवारी सांगणार. दत्तू पुन्हा माझं तोंड बघणार नाही, न का बघेना.

सोमवार, २९ डिसेंबर

मॅडम रजेवर. नव्या वर्षात येणार. सुपरवायझरला सांगायला गेलो, तो फोनवर होता, हाताने थांब म्हणाला. मूठ. थांबलो. मग जेवणाची सुट्टी झाली.

मंगळवार, ३० डिसेंबर

दुपारनंतर ठोका थांबला.

मी उभा राहिलो. साचा बदलत असतील म्हटलं. साचा बदलायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला, त्याहून जास्त गेला. शॉपकडे निघालो तर पॅकिंगच्या साहेबाने अडवलं, ट्रक लागलाय, लोड झाल्याशिवाय हलायचं नाही. ट्रक भरला. ठोका सुरू झाला नाही. मग हॅमरशॉपकडे गेलो तर शटर अर्धं खाली, हॅमर गार, आत कुणी नाही. वॉचमन काहीतरी बोलला. त्याच्या तोंडाला मास्क. दोनदा विचारलं, दोनदा तोच मास्क हलला.

बसमध्ये दत्तूची जागा रिकामी. नवा माणूसही नाही. बाकीच्यांना विचारलं, ते दुसऱ्या शॉपचे, खांदे उडवले.

घरी आल्यापासून दत्तूला फोन लावतोय. कानाला लावला की भुंगा. रिंग जातेय की माझेच रातकिडे, कळत नाही. कुणी उचलून हॅलो म्हणत असेल तर तेही कळायचं नाही. दत्तूने उचलला तरी तो माझा आवाज ऐकणार नाही, मी त्याचा. दोघांनी नुसते फोन धरून बसायचं.

शेवटी प्रज्ञाला दिला. तू ऐक.

आता ती खिडकीपाशी फोन कानाला लावून उभी आहे. शोभा दारात. मी हे लिहितोय आणि मध्ये मध्ये मान वर करून प्रज्ञाच्या चेहऱ्याकडे बघतोय. तिने हाताने मला थांब म्हटलंय.

तिचे ओठ हलले. ती कोणाशी तरी बोलतेय.